वरून तर ठीक दिसली

विनूदादा, तू ज्या पट्टीवर आपटलास, त्या पट्टीवर आदल्या दुपारी मी उतरलो होतो.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चौकशीला आलेल्या त्या दोन माणसांना नाही, तुला तर नाहीच नाही. एकोणीस वर्षं झाली त्याला. तुला जाऊन आज चोवीस दिवस झाले आणि आत्ता कुठे हे पहिलं वाक्य माझ्या हातून उतरलं. लिहिलं आणि उठून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. डब्लिनजवळच्या या डून लेरीच्या धक्क्यावर आज इतकं धुकं आहे, की समुद्र कुठे संपतो ते कळत नाही. माणसं कुत्री घेऊन चालत जातायत आणि मधेच पुसली जातायत. थोड्या वेळाने दुसरीच माणसं बाहेर येतायत असं वाटतं. अशा हवेत तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचास, "ह्या ढगाच्या पोटात डोंगर आहे बे. हात नको घालू."

ते डोंगर मला अजून दिसतात. झोपेत नाही, जागेपणी. ऑफिसात समोर विमानांच्या कागदांचा गठ्ठा असतो, कुठल्या इंजिनाचे किती तास झाले ते तपासत असतो, आणि पानांमधून हळूहळू ढग वर यायला लागतात. खाली पापुआ न्यू गिनीची ती हिरवी, ओली, अंगाला अंग लावून बसलेली डोंगररांग. सकाळी सहाला खोरी दुधाने काठोकाठ भरलेली, वर फक्त शेंडे. आणि तू माझ्या डाव्या हाताला, मांडीवर थर्मास, कुठलंतरी अर्धवट गाणं गुणगुणत. त्या गाण्याची चाल तुला येत होती, शब्द कधीच आले नाहीत.

एका छोट्या विमान कंपनीत आपण दोघं सव्वातीन वर्षं एकत्र होतो. तिथे रस्ते नव्हते. गावकऱ्यांनी कुदळीने डोंगर उकरून केलेल्या गवताच्या पट्ट्या होत्या, एका टोकाला दरी आणि दुसऱ्या टोकाला कडा. चढावर उतरायचं, उतारावरून उडायचं. एकदा आत शिरलं की मागे फिरणं नाही. मीठ, पत्रे, वह्या, कोंबड्या, नवऱ्या, आजारी माणसं, प्रेतंसुद्धा आपणच नेली. प्रत्येक पट्टीला तू मराठी नाव ठेवलं होतंस. जिच्या तोंडाशी उंचवटा होता ती उंबरठा. जेवल्याशिवाय सोडत नसत ती सासुरवाडी. आणि सगळ्यांत तिरकी, डोंगराला टेकून ठेवलेल्या फळीसारखी, ती घसरगुंडी. आपला ऑस्ट्रेलियन चीफ पायलटही रेडिओवर "गासागुंडी" म्हणायला लागला, तेव्हा तू तीन दिवस हसत होतास.

मी तिथे पोचलो त्या दिवशी तू मला वजनकाट्यावर उभं राहू दिलं नाहीस. लांबूनच बघून म्हणालास, "एकोणसाठ किलो. त्यात तीन किलो पुणं."

काट्याने एकोणसाठच सांगितले.

"बघ," तू म्हणालास. "नागपूरच्या माणसाची नजर आहे. चुकत नाही."

ही सवय तुझी शेवटपर्यंत गेली नाही. इथे आयर्लंडमध्ये, कासलबारला, त्या खेड्यापाड्यांच्या बसवर ड्रायव्हर झालास, तरी चढणाऱ्या प्रत्येक आजीला आणि तिच्या पिशवीला तू मनात तोलायचास. तुझ्या आणि मॉराच्या लग्नात चर्चमधल्या पाद्रीबुवांकडे बघून माझ्या कानात पुटपुटलास, "एकशे चार. मागच्या सीटवर नाही बसवता येणार." माझं हसू फुटलं आणि मॉराच्या आईने माझ्याकडे जे बघितलं, ते आजही आठवलं की मी सरळ बसतो.

मी मूळ गोष्ट टाळतोय, हे तुझ्या लक्षात आलं असेल. पुण्याचे लोक मुद्द्यावर यायला वळसा घेतात, असं तू म्हणायचास. तर येतो.

त्या आदल्या दिवशी सकाळी मी घसरगुंडीला मीठ टाकून निघालो आणि माझं लॉगबुक याकूच्या शेडमध्ये राहिलं. याकू म्हणजे त्या पट्टीचा राखणदार, तुला माझ्याहून जास्त माहीत. पन्नाशीचा, पायाने थोडा फेंगडा, हातात कायम ती काळी छत्री. रोज सकाळी रेडिओवर ढग, वारा, जमीन सांगायचं काम त्याचं. पाऊस पडून गेला की पट्टीभर चालत जायचा आणि दर चार पावलांवर जमिनीत टाच मारायचा. टाच आत गेली की पट्टी बंद. मऊ जागा सापडली, तर तिथे काठ्या रोवून पांढरी फडकी बांधायचा. त्याची टाच पडल्याशिवाय आणि आपल्याला रेडिओवर परवानगी मिळाल्याशिवाय कुणीही ओल्या पट्टीवर उतरायचं नाही, हा नियम तूच मला पहिल्या आठवड्यात शिकवलास. शिकवलास म्हणजे मला अनवाणी चालायला लावलंस. "बूट घालून जमीन कळत नाही बे."

दुसऱ्या दिवशी चीफ आपली लॉगबुकं बघणार होता. मला आधीच एक ताकीद मिळालेली होती, तुला आठवत असेल, उंबरठ्यावर चाक आपटलं होतं तेव्हाची. लॉगबुक विसरलो म्हटलं असतं तर फार तर बोलणी बसली असती. पण मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि बोलणी खायला घाबरत होतो. दुपारी शेजारच्या खोऱ्यातून रिकामा परतत होतो, पाऊस नुकता सरला होता. रेडिओवर काही न बोलता मी आत वळलो.

उतरल्यावर डावं चाक कुणीतरी खालून धरल्यासारखं झालं. विमान डावीकडे ओढलं गेलं. हलकं होतं, इंजिनाचा जोर लावला आणि निसटलो. पट्टीच्या वरच्या टोकाला जाऊन थांबलो आणि पळत खाली आलो. गवताखाली झरा फुटला होता. वीतभर खोल, चार-पाच हात लांब चर पडला होता, आणि त्यात पाणी हळूहळू भरत होतं. फार शांत होतं सगळं. ढग इतके खाली आले होते, की पट्टीचं खालचं टोक हवेत तरंगल्यासारखं दिसत होतं. याकू छत्री धरून येताना दिसला, एका काखेत माझं लॉगबुक.

त्याने टाच मारली. घोट्यापर्यंत गेली.

"फडकी बांधतो," तो म्हणाला. "सकाळी रेडिओवर सांगतो."

"नको," मी म्हणालो. "मी सांगतो. सगळ्यांना मीच सांगतो."

फडकी लागली असती तर विचारलं गेलं असतं, कुणाच्या चाकाने, किती वाजता. मी गुडघ्यावर बसलो, चराच्या कडा बुटाने आत लोटल्या, शेडमागून कापलेलं गवत आणून वर पसरलं आणि थोपटलं. याकूने मदत केली नाही. अडवलंही नाही. पायलटने सांगतो म्हटलं, म्हणजे तो सांगणार, एवढाच त्याचा माझ्यावर विश्वास होता. शिवाय मी तुझा वॉनटॉक. एक भाषा बोलणारा तो वॉनटॉक, त्याचं दुखणं-भांडण सगळं आपलं. याकूच्या हिशेबी मी तुला सांगणार नाही, हे शक्यच नव्हतं.

मी ठरवलं होतं, की उद्या संध्याकाळी सहज बोलल्यासारखं करून सांगू, वरून जाताना तिथे काळपट डाग दिसला म्हणून. गुरुवारपर्यंत कुणी तिकडे जाणार नव्हतं. दोन दिवस होते. दोन दिवसांत जमीन वाळेलसुद्धा, असंही वाटलं. झरा वाळत नाही हे मला कळत होतं.

आणि सकाळी साडेसहाला याकूचा आवाज आला. त्याची पुतणी आदल्या रात्रीपासून बाळंतपणात अडली होती, विमान पाठवा. एवढं म्हणाला आणि त्याची बॅटरी गेली. जमिनीबद्दल काही नाही.

तू इंधनाच्या पिंपांपाशी उभा राहून चहा पीत होतास. मॉरा तिची पेटी घेऊन आधीच विमानात जाऊन बसली होती. मिशनच्या दवाखान्यातली ती आयर्लंडच्या मेयोची नर्स, तेव्हा तुझी कुणीच नव्हती. तिथून ओरडली, की आपण निघतोय की गप्पा मारतोय.

"मध्या," तू म्हणालास, "काल तू बाजूच्याच खोऱ्यात होता ना बे? घसरगुंडी कशी दिसली?"

"वरून तर ठीक दिसली, दादा."

"ओली?"

"थोडा पाऊस झालेला. पण वरून तर ठीक."

तू मान हलवलीस. उरलेला चहा गवतात ओतलास. कप माझ्या हातात दिलास.

दादा, वाक्य खरं होतं. वरून ठीकच दिसत असणार, मीच गवत पसरलं होतं. नंतर कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की मी खोटं बोललो नाही. आज लिहिताना कळतंय, की इतकं मोजून-मापून बोललेलं खोटं मी पुन्हा कधी बोललो नाही.

तू इंजिन सुरू केलंस, पट्टीच्या टोकाला गेलास, उडालास. मी रेडिओशेजारी उभा होतो. चीफ ऐकत होता, म्हणून मी बोललो नाही, असं मी म्हणू शकतो. पण आपण रेडिओवर रोज मराठीत बोलायचो. भाजी काय करायची तेसुद्धा. "दादा, डावीकडे ओल आहे, उजवीकडे धर." एवढंच म्हणायचं होतं. चीफला त्यातलं एक अक्षर कळलं नसतं. हातात तुझा कप होता आणि तो अजून गरम होता.

पुढचं तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. चाक रुतलं, विमान फिरलं, नाल्यात गेलं. मॉराच्या गळपट्टीचं हाड मोडलं. तुझं खुब्याचं हाड तीन ठिकाणी. याकू तेव्हा पट्टीच्या वरच्या टोकाला पुतणीच्या डोलीपाशी होता. मी तुला सांगितलंच असणार, तू उजवीकडून येशील असं धरून बसलेला. मग त्या बाईला माणसांनी खांद्यावरून डोंगर ओलांडून पलीकडच्या पट्टीवर नेलं, दीड दिवस. ती वाचली. बाळ वाचलं नाही.

अहवालात लिहिलं, पायलट मध्यरेषेच्या डावीकडे उतरला, जमिनीचा अंदाज चुकला. तू त्यावर एका शब्दाने वाद घातला नाहीस. आपल्या कामात असंच असतं, जो चालवतो त्याचं. आणि मग तू परत कधी उडाला नाहीस.

कासलबारच्या तुमच्या त्या स्वयंपाकघरात आपलं एकच भांडण किती वर्षं चाललं! मी डब्लिनला नोकरी धरली, त्याचं कारण सगळ्यांना नोकरी सांगितलं. खरं कारण तू तिथे होतास. दोन महिन्यांतून एकदा मी यायचोच. तू काठी टेकत "प्रेसमधून कप काढ रे" म्हणायचास. कपाटाला प्रेस म्हणायला तू महिन्याभरात शिकला होतास. चहा व्हायचा, आणि फिरून फिरून आपण त्या पट्टीवर यायचो.

"दोन हात उजवीकडे असतो ना मी," तू म्हणायचास.

"दादा, जमीनच खराब होती. कुणाचीच चूक नव्हती."

"काऊन कुणाचीच नव्हती? चूक कुणाची तरी असतेच बाप्पा. विमान काय आपल्या मनानं डावीकडे गेलं?"

"अरे पण दिसत नव्हतं ना."

"दिसत नसते तेच पायलटनं बघायचं असते."

आणि मॉरा पाठमोरी उभी राहून भांडी घासता घासता म्हणायची, "झालं का सुरू तुमचं पुन्हा?" तिला मराठी येत नव्हतं, पण हे भांडण तिला चालीवरून कळायचं.

तू एवढ्या त्वेषाने चूक आपल्याकडे ओढायचास आणि मी ती "कुणाचीच नाही" म्हणून हवेत सोडून द्यायचो. बघ, एवढ्या वर्षांत "माझी" हा शब्द त्या टेबलावर फक्त तू वापरलास.

तू त्यावर विनोदही करायचास. "त्या चिखलानं मला बायको दिली बे," पाहुण्यांना सांगायचास. "नाहीतर हिनं नागपूरच्या माणसाकडे दुसऱ्यांदा बघितलं नसतं." दोघंही मोडलेल्या हाडांनी एकाच वॉर्डात, ती तुला रागावून पेज भरवते आहे, हे तू फार छान रंगवायचास. मी सगळ्यांत मोठ्याने हसायचो. कारण त्या विनोदाच्या आडोशाला मला बसता यायचं. चर नसता तर मॉरा नसती, तुमची पोर ईफा नसती, मेयोचा हा सततचा पाऊस आणि तुझी ती बस नसती. मग मी वाईट केलं की चांगलं? असा प्रश्न मी स्वतःला विचारायचो आणि उत्तर न देता झोपून जायचो.

पण वर्षातला तो एक दिवस होता. त्या दिवशी तू बस घ्यायचा नाहीस. तळ्याकाठी जाऊन बसायचास. ईफा लहान असताना मला फोनवर इंग्लिशमध्ये म्हणाली होती, आज बाबाचा गप्प दिवस आहे, उद्या फोन कर. एकदा मी न कळवता आलो आणि तळ्यावर तुला गाठलं. तू सरकून जागा केलीस. पाणी करडं, आकाश करडं, मधे एक होडी कशावर तरंगतेय ते कळत नव्हतं.

"आज कॉलेजात असतं बे ते पोरगं," तू म्हणालास.

मी म्हणालो, "थंडी वाजतेय, चल घरी." हे म्हणालो मी. दादा, हे.

शेवटच्या महिन्यात मी हॉस्पिटलला आलो, तो सांगायचं ठरवून आलो होतो. तीन तास गाडी चालवली आणि प्रत्येक गावाला वाक्य बदललं. दुपारचे चार असतील. बाहेर भुरभुर होती, खिडकीतून येणारा उजेड साबणाच्या पाण्यासारखा. औषधाने तू अर्धा इथे, अर्धा कुठेतरी होतास. चादरीवर तुझा उजवा हात मूठ करून होता. मी खुर्ची ओढली, तशी तू डोळे न उघडता म्हणालास, "मध्या, फ्लॅप."

मला एक क्षण कळलं नाही. मग कळलं, तू विमान उतरवत होतास.

"फ्लॅप खाली," मी म्हणालो.

"वारा?"

"शांत आहे."

"याकू दिसतो?"

"दिसतो. छत्री घेऊन उभा आहे."

"वजन किती आपलं?"

"हलके आहोत, दादा. दोघंच."

"उजवीकडे धरतो."

"धर."

तुझी मूठ हळूहळू, फार हळूहळू तुझ्या छातीकडे आली. मी तुझ्या तोंडाकडे बघत होतो. भुवया थोड्या आवळल्या आणि सैल झाल्या.

"चाकं लागली?" तू विचारलंस.

"लागली. कळलंच नाही."

"नाही कळत तेच बरं असते." आणि तू हसलास. नर्स चहाची गाडी घेऊन आली, "कसं काय, विनी?" म्हणाली, आणि तू डोळे मिटूनच म्हणालास, "ग्रँड."

मी तुझी चादर नीट केली आणि निघून आलो. वाटेत स्वतःला समजावलं, की एवढा सुंदर उतरलेला माणूस, त्याला कशाला परत त्या चरात घालायचं. ते खरं नव्हतं. खरं हे, की तू झोपलास तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आजारी माणसाच्या उशाशी बसून मी सुटकेचा श्वास सोडला. आठ दिवसांनी तू गेलास.

घरी तुला दोन दिवस पुढच्या खोलीत ठेवलं होतं, इथल्या रीतीने. गावातली निम्मी माणसं रांगेने आली. सँडविचचे ट्रे, चहाच्या किटल्या, हात हातात घेऊन "सॉरी फॉर युअर ट्रबल". तुझ्या बसमधल्या एक आजी माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, हा बाबा माझी पिशवी बघून सांगायचा, आज बटाटे जास्त झालेत म्हणून, आणि खरंच जास्त असायचे. त्या रडत नव्हत्या, कौतुकाने मान हलवत होत्या. तुझ्या कपाळावर मॉराने अंगारा लावला होता. तुझ्या आईने कधीकाळी पाठवलेली पुडी तिने जपून ठेवली होती. किती लावायचा ते तिला माहीत नव्हतं, जरा जास्तच झाला होता. तुला आवडलं असतं.

एक बातमी द्यायची राहिली. आपल्या जुन्या पायलट लोकांच्या ग्रुपवर मी तू गेल्याचं टाकलं. तिकडे आता डोंगरावर मोबाइलचा टॉवर आलाय. घसरगुंडीवर खडी घातलीये, झऱ्याचं पाणी पाइपने बाजूला काढलंय, आठवड्यातून दोनदा विमान येतं. किनाऱ्याकडची एक बाई पायलट आहे, चांगली उतरते म्हणतात. आणि दादा, ती रेडिओवर "गासागुंडी" म्हणते. ते नाव कुठून आलं ते तिला माहीत नाही, तिला वाटतं तिथल्याच भाषेतलं आहे.

ग्रुपवरून फिरत तू गेल्याचं याकूपर्यंत पोचलं; हे सगळं मला त्यानेच सांगितलं. त्याच्या सुनेच्या फोनवरून त्याचा रेकॉर्ड केलेला निरोप आला, आवाज म्हातारा झालेला, मागे कोंबड्या. आधी तुझ्यासाठी रडला. त्यांच्या रीतीने मोठ्याने, सूर लावून. मग ही बातमी सांगितली. मग पिजिनमध्ये, तिथल्या त्या इंग्लिशच्या बोलीत, म्हणाला, "बाळ गेलं त्याच वर्षी मी भावाच्या अंगणात सगळ्यांसमोर उभा राहिलो. सांगितलं, की मला जमीन माहीत होती आणि मी फडकी बांधली नाहीत. माझं मोठं डुक्कर दिलं. पुतणीने ते घेतलं. आता आमच्यात काही नाही. तू तुझ्या वॉनटॉकला सांगितलंस ना?"

तिकडे चूक अशीच फेडतात, तुला माहीत आहे. अंगणात उभं राहायचं, सगळ्यांच्या तोंडावर बोलायचं, आणि आपलं सगळ्यांत चांगलं जनावर द्यायचं. म्हणजे दादा, त्या खोऱ्यातल्या पोराटोरांनाही तेव्हापासून माहीत आहे, की तुझी चूक नव्हती. ज्या बाईचं बाळ गेलं तिलासुद्धा. फक्त तुला माहीत नव्हतं. आणि तुझ्या घरात आजही कुणाला माहीत नाही.

तो निरोप मी चार वेळा ऐकला. उत्तर दिलेलं नाही.

येत्या शनिवारी संध्याकाळी तुझ्यासाठी चर्चमध्ये महिन्याची प्रार्थना आहे, इथे तिला मंथ्स माइंड म्हणतात. परवा ईफाचा फोन आला. सोळा वर्षांची पोर, पण आवाजात आता मॉरासारखी धार आली आहे. म्हणाली, "मधूकाका, विल यू से समथिंग? यू वर देअर."

"काय बोलू?" मी मराठीत विचारलं.

तिचं सगळं तयार होतं. बाबाने आयुष्यात एक मोठी चूक केली आणि कधी कुणावर ढकलली नाही. तिला शाळेत खोटं बोलल्याबद्दल पकडलं होतं, तेव्हा त्याने तिला जवळ बसवून त्या बाळाची गोष्ट सांगितली होती. चूक झाली तर उभं राहायचं आणि "माझी" म्हणायचं, असं सांगितलं होतं. तेवढं मी बोलावं. मी तिथे होतो, त्यामुळे माझ्या तोंडून ते खरं वाटेल.

मी "बोलतो" म्हणालो.

तू माझी चूक घेऊन तुझ्या मुलीला खरं बोलायला शिकवलंस, दादा. याच्यापुढे मला आता काही सुचत नाही. मी तुझे आभार मानू की पाया पडू की तुझ्यावर ओरडू, की एकदा तरी संशय घ्यायचास, एकदा तरी विचारायचंस, "मध्या, खरंच ठीक दिसली होती का बे?" तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, असं मला वाटतं. पण तुझ्यावर ते टाकण्याचा मला काय हक्क आहे.

आणि एक सांगायचं राहतं. ईफाला मराठी कळतं, वाचता येत नाही. मॉराला दोन्ही नाही. हे सगळं मी मराठीत लिहिलं, तेव्हा मला वाटत होतं की तुझ्याशी बोलायची आपली हीच भाषा म्हणून लिहितोय. अर्धं झाल्यावर लक्षात आलं, की मी पुन्हा गवत पसरतोय. ज्यांना कळायला हवं, त्या दोघींना यातलं एक अक्षर दिसणार नाही.

म्हणून शुक्रवारी सकाळच्या गाडीने मी कासलबारला येतो आहे. चर्चमध्ये काय बोलायचं ते ईफा ठरवेल, किंवा मी बोलूच नये असं ठरवेल. त्याआधी त्या दोघींच्या समोर बसून, त्यांना कळेल अशा शब्दांत मला सांगायचं आहे, की जमीन ओली होती, मला माहीत होतं, विनूने मला विचारलं आणि मी त्याच्याशी खोटं बोललो. ते बाळ त्याच्या हातून गेलं नाही. एवढं मी तुझं देणं लागतो. तुला ते देता आलं नाही. त्यांना द्यायचं अजून बाकी आहे.